सराफ्यातली रील, थान्याचा मेसेज आणि घरातली चार मतं

या वेळचं पत्र इंदूरच्या एका आईचं आहे. (सराफा म्हणजे तिथला सोन्याचा बाजार, रात्री तिथे खाण्याच्या गाड्या लागतात, आणि थाना म्हणजे पोलिस ठाणं.) ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय आणि लांबी जरा कमी केलीय, बाकी शब्द त्यांचेच.

"ताई, नमस्कार. आम्ही सुदामा नगरात राहतो. मिस्टर रिटायर्ड, वय ६४, मुलगा एका शोरूममध्ये अकाउंट बघतो, मुलगी कॉलेजात. मागच्या पंधरवड्यात मुलगा मित्रांबरोबर रात्री सराफ्यात खायला गेला होता, तिथे गर्दीत एका बाईंचा मोबाईल गेला म्हणून ओरडा झाला आणि कोणीतरी आमच्याच मुलाचा हात धरला की हाच मागे उभा होता. दोन-चार थपडा बसल्या, पोलिस आले, आणि मग तो मोबाईल बाईंच्याच पिशवीत सामानाखाली सापडला. बाईंनी सॉरी म्हटलं, पोलिसांनी नाव-नंबर लिहून घेतला आणि जा म्हणाले. केस नाही, काही नाही. पण नावात 'न्यूज' लावणाऱ्या एका इंस्टाग्राम पेजने फक्त थपडांचा तुकडा टाकला, वर लिहिलं 'सराफे में मोबाइल चोर रंगे हाथ', चेहरा स्पष्ट, शेवटी गाडीचा नंबर पण. दोन दिवसांत आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर आलं. शोरूमवाले म्हणाले थोडे दिवस घरीच रहा. लग्नाची बोलणी चालली होती ते लोक फोन उचलत नाहीत. मुलीने चिडून कमेंट टाकली की हा पेजवाला पैसे घेऊन व्हिडिओ टाकतो, तर तो म्हणतो मानहानीचा दावा ठोकतो. वरून परवा अनोळखी नंबरवरून व्हॉट्सॲप आलं, पोलिसांचा लोगो लावून, की मोबाईल घेऊन थान्यात हजर व्हा. मिस्टर म्हणतात गप्प बसा, चार दिवसांत लोक विसरतात. मुलगी म्हणते सगळ्यांवर केस करा. मुलगा म्हणतो फोन फॉरमॅट मारतो आणि नंबरच बदलतो. मला वाटतं त्या पेजवाल्याला हात जोडावेत आणि व्हिडिओ काढून घ्यावा. खरं सांगते, असे व्हिडिओ आम्हीपण बघतो, पुढेही पाठवतो, पण आता कळतंय. आमचा काही अधिकार आहे की नाही?"

ताई, अधिकार आहेत, आणि बरेच आहेत. अडचण एवढीच की ते तोंडी चालत नाहीत, कागदावर चालतात, आणि कागदसुद्धा योग्य क्रमाने लागतात. तुमच्या घरातली चारही मतं मी वाचली, त्यातलं सगळ्यात धोक्याचं मुलाचं आहे, म्हणून आधी त्याला थांबवा.

फोन फॉरमॅट करायचा नाही, नंबर बदलायचा नाही, मित्रांबरोबरचे त्या रात्रीचे मेसेज, फोटो, लोकेशन, यूपीआयने दिलेले पैसे, काहीही पुसायचं नाही. तो निर्दोष आहे हे दाखवणारी सगळ्यात मोठी गोष्ट त्याच फोनमध्ये पडलीय, किती वाजता गाडी लावली, किती वाजता भुट्ट्याच्या कीसाचे पैसे दिले, कोणाबरोबर सेल्फी काढला. दुसरं म्हणजे पोलिसांनी फोन मागितल्याचा मेसेज खरा असो नसो, तो आल्यावर फोन साफ केला तर उद्या कोणीही म्हणेल की पुरावा नष्ट केला, आणि पुरावा म्हणून लागू शकणारं इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड मुद्दाम नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेत (जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्यात) वेगळा गुन्हा आहे. ज्याच्यावर आज एकही केस नाही त्याने स्वतःच्या हाताने एक तयार करून द्यायची, असं होईल ते.

आता तो मेसेज. पहिली शंका मला हीच येते की हा पोलिसांचा नसेलच. रील व्हायरल झाली की त्यातल्या माणसाला शोधून 'साहेब बोलतोय, प्रकरण मिटवायचंय का' असं करणारे भामटे आहेत, आणि 'डिजिटल अरेस्ट' नावाखाली व्हिडिओ कॉलवर घरच्यांना तासन्‌तास बसवून पैसे उकळणारे तर आता सगळ्यांना माहीत झालेत, कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही. त्या नंबरला उत्तर देऊ नका, लिंक उघडू नका, आधार-पॅनचा फोटो तर अजिबात नको. पैशाचा शब्द निघाला, किंवा पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० ला फोन, आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार.

पण मेसेज खरा असला तरी? तरी तो पुरेसा नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात स्पष्ट सांगितलं की आरोपीला हजर होण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सॲपवर किंवा तसल्या इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावायची नाही, कायद्यात दिलेल्या रीतीनेच द्यायची. ही म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३५ ची नोटीस, जुन्या लोकांना ४१-ए म्हणून माहीत असलेली. साक्षीदार म्हणून बोलवायचं असेल तर कलम १७९, आणि तिथे अजून एक गोष्ट आहे जी आपल्याकडे थान्यातले कोणी आपणहून सांगत नाहीत: साक्षीदार म्हणून कुठल्याही बाईला किंवा साठच्या वरच्या पुरुषाला थान्यात यायला भाग पाडता येत नाही, विचारपूस राहत्या ठिकाणीच करावी लागते. म्हणजे तुम्ही, मुलगी आणि मिस्टर, तिघंही त्यात बसता. राहिला मुलगा.

याचा अर्थ घरात दार लावून बसा असा नाही हं. उलट मी म्हणेन दिवसाउजेडी, त्या रात्री पोलिस ज्या थान्यातून आले होते तिथे मुलगा, एक शांत डोक्याचा नातेवाईक आणि जमलं तर वकील, असे स्वतःहून जा आणि टीआय साहेबांना (थान्याच्या मुख्य अधिकाऱ्यांना) लेखी आवेदन, म्हणजे अर्ज, द्या. आवेदनात तीनच गोष्टी. एक, अमुक नंबरवरून असा मेसेज आलाय, तो तुमच्याकडचा आहे का, असेल तर गुन्हा क्रमांक सांगून रीतसर नोटीस द्यावी. दोन, त्या रात्री अमुक वाजता सराफ्यात अशी घटना झाली, मोबाईल मालकिणीच्याच पिशवीत मिळाला, माझ्यावर काही गुन्हा नोंद नाही, तर रोजनामच्यातली (थान्याच्या रोजच्या नोंदवहीतली) त्या रात्रीची नोंद आणि तिथल्या कॅमेऱ्यांचं फुटेज जपून ठेवावं. तीन, अमुक पेजने खोटी माहिती टाकून माझी बदनामी केलीय, सोबत लिंक. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर तिथे वाद घालू नका, तेच आवेदन पोलिस कमिश्नरच्या ऑफिसला स्पीड पोस्टने पाठवा आणि मंगळवारच्या जनसुनवाईतही (अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात तिथे) द्या. इंदूरला डिसेंबर २०२१ पासून कमिश्नर पद्धत आहे, त्यामुळे 'एसपी साहेबांना' असं जुन्या सवयीने लिहू नका, कागद इकडून तिकडे फिरत राहतो.

फुटेजची घाई आहे. सराफ्यात दिवसा सोन्याची दुकानं असतात, सगळ्यांनी कॅमेरे लावलेले, पण हे कॅमेरे जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसून त्यावर नवीन चढवतात, कुठे काही आठवडे टिकतं कुठे त्याहून कमी. पंधरवडा झालाच आहे. ओळखीचा सराफ असेल तर आजच जा, मराठी माणसाला सराफ्यात एक तरी ओळखीचं दुकान असतंच, मंगळसूत्र कुठून घेतलं आठवा! पेजवाल्याने जो तुकडा कापला त्याच्या पुढची दोन मिनिटं, बाई पिशवीतून मोबाईल काढतायत ती, एवढी मिळाली तर अर्धं काम झालं.

फोन आणि पिन. पोलिसांना तपासासाठी मोबाईल मागता येतो, नवीन संहितेच्या कलम ९४ मध्ये तर संपर्काची साधनं असं सरळ लिहिलंय. पण मागणी लेखी हवी, आणि घेतला तर जब्ती पत्रक हवं, त्यावर कंपनी, मॉडेल, आयएमईआय, सिम, फोन चालू होता की बंद, हे सगळं लिहिलेलं, आणि प्रत तुमच्या हातात. झडती-जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं हे कलम १०५ सांगतं. 'जरा द्या इकडे, बघू दे' म्हणून अनलॉक केलेला फोन टेबलापलीकडे गेला की त्याला जप्ती म्हणत नाहीत, तपासही म्हणत नाहीत, त्याला काय म्हणायचं हे मी इथे लिहीत नाही. पिनचा मुद्दा मात्र खरोखर अवघड आहे. घटनेच्या कलम २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सुप्रीम कोर्टाने नार्को टेस्ट जबरदस्तीने करता येत नाही असं म्हटलं ते याच आधारावर, पण पासवर्ड सांगायला लावणं त्यात बसतं की नाही यावर खालच्या आणि हाय कोर्टांची मतं वेगवेगळी आहेत. म्हणून मुलाने तिथे कायद्यावर भाषण देऊ नये आणि घाबरून पिनही सांगू नये. एवढंच म्हणावं, 'साहेब, लेखी द्या, वकिलांना विचारून लेखी उत्तर देतो.' नम्रपणे. आवाज चढवून नाही, कारण मग विषय फोनचा राहत नाही.

आणि एक भीती तुम्ही लिहिली नाहीये पण ओळींमधून दिसतेय, अटकेची. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरळ उचलून आत टाकायचं नाही, आधी गरज आहे का ते बघायचं, हे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून ठरलेलं आहे, आणि अटक केलीच तर कारणं लेखी द्यावी लागतात. इथे तर एफआयआरच नाही. झोपा शांत.

आता मूळ दुखणं, ती रील.

हात जोडायला जाऊ नका. या पेजवाल्यांच्या बायोमध्ये जाहिरातीसाठी नंबर ठळक दिलेला असतो, तुम्ही रडत फोन केलात की त्याला एकच कळतं, की हे लोक घाबरलेत. मग 'डिलीट करायचा चार्ज' निघतो. दिलात तर महिन्याभराने दुसऱ्या पेजवर तोच व्हिडिओ. त्याने खरंच पैसे मागितले तर देऊ नका आणि त्याचं चॅट किंवा कॉल रेकॉर्डिंग जपून ठेवा, कारण तिथे प्रकरण बदनामीवरून खंडणीवर जातं, आणि मग पोलिसही जरा सरळ होऊन बसतात. गळ्यात आयकार्ड आणि हातात माइक असला म्हणून कोणाला जास्तीचा अधिकार मिळत नाही बरं का, आपल्या घटनेत पत्रकाराला वेगळं कलम नाही, तुम्हाला जे १९(१)(क), बोलण्याच्या स्वातंत्र्याचं कलम, तेच त्याला.

सगळ्यात आधी पुरावा. काढायला लावण्याच्या आधी साठवायचं, हे उलटं वाटतं पण असंच आहे. मुलीला बसवा, हे काम तिचं. रीलची स्वतःची लिंक (पेजची नाही, त्या एका रीलची), स्क्रीन रेकॉर्डिंग ज्यात पेजचं नाव, तारीख, व्ह्यूज, कॅप्शन, खालच्या घाणेरड्या कमेंट सगळं दिसेल, आणि हे कोणत्या फोनवर, किती तारखेला, किती वाजता घेतलं त्याची वहीत नोंद. तो फोन विकायचा नाही. कोर्टात असलं काही द्यायचं तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, पूर्वी त्याला ६५-बी म्हणायचे. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये ते किती सक्तीचं हे ज्या खटल्यात पक्कं केलं तो आपल्या जालन्याच्या निवडणुकीचा, खोतकर आणि गोरंट्याल यांचा, नुसत्या सीडीवर नुसत्या व्हिडिओवर भागत नाही म्हणून. वकील फॉर्म भरून देतील, सही ज्याचा फोन त्याची, आणि दुसऱ्या भागावर तज्ज्ञाचीही.

मग इंस्टाग्रामला तक्रार. ॲपमधल्या रिपोर्टच्या बटणावर थांबू नका, तिथून बहुतेक वेळा यंत्राचंच उत्तर येतं की हे आमच्या नियमांविरुद्ध नाही. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे मोठ्या कंपन्यांना भारतात तक्रार अधिकारी ठेवावाच लागतो, त्याच्याकडे लेखी तक्रार करा. पोच २४ तासांत यायला हवी आणि निर्णय फार तर ७ दिवसांत (फेब्रुवारी २०२६ च्या आधी १५ होते). नाही आला किंवा पटला नाही तर सरकारच्या अपील समितीकडे, जीएसीकडे, ३० दिवसांच्या आत ऑनलाइन अपील करता येतं, आणि गंमत म्हणजे हे बऱ्याच वकिलांनाही माहीत नसतं. तक्रारीत 'आमची फार बदनामी झाली हो' असं पानभर लिहू नका. थपडा बसत असलेला, नाव-गाव ओळखता येईल असा खाजगी माणूस, गाडीचा नंबर उघड, खोटा आरोप, खाली मारायच्या धमक्यांच्या कमेंट, एवढं मुद्द्यांत लिहा, सोबत थान्याच्या शिक्क्याची प्रत.

पण ताई, खोटी आशा लावत नाही. निव्वळ बदनामीच्या मुद्द्यावर कंपनी बऱ्याचदा म्हणते की कोर्टाची ऑर्डर आणा, आणि त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. त्याची गोष्ट जरा लांब आहे पण सांगते, कारण तीच गोष्ट तुमच्या मुलीच्या कामाची पण आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले त्या वेळच्या मुंबई बंदवर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी टाकल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्याला लाइक केलं, दोघींना अटक झाली. त्यातून श्रेया सिंघल या तरुणीने सुप्रीम कोर्टात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला कोर्टाने आयटी ॲक्टचं कलम ६६-ए पूर्ण रद्द केलं. 'त्रासदायक', 'गैरसोयीचं' असं मोघम काहीतरी लिहून कोणालाही उचलायचं ते दार बंद झालं. त्याच निकालात कोर्टाने हेही म्हटलं की कंपनीने मजकूर काढावा अशी सक्ती कोर्टाच्या आदेशाने किंवा सरकारच्या कायदेशीर सूचनेनेच येते, कोणीही उठून पत्र पाठवलं म्हणून नाही. नाहीतर प्रत्येक पुढारी आणि प्रत्येक बिल्डर रोज शंभर पत्रं पाठवून आपल्याविरुद्धचं सगळं पुसायला लावेल ना. म्हणजे जो निकाल तुमच्या मुलीला बोलू देतो तोच निकाल त्या रीलला थोडे दिवस टिकूही देतो. मला विचाराल तर निकाल बरोबर आहे. तुम्हाला आज तो बरोबर वाटणार नाही, आणि तेही मला समजतं.

म्हणून शेवटी रस्ता कोर्टाचाच निघाला तर कुठला? 'मानहानी' म्हटलं की सगळ्यांना जेलच दिसतो. न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा आहे खरी, पण त्यात पोलिस आपणहून एफआयआर करत नाहीत, तुम्हाला स्वतः मॅजिस्ट्रेटकडे परिवाद, म्हणजे खाजगी तक्रार, घालावा लागतो, आता तर दखल घेण्याआधी समोरच्यालाही ऐकून घेतात, आणि मग तारखा. मुलाचं लग्न त्याच्यासाठी थांबवून ठेवणार का? माझं मत, आधी वकिलामार्फत पेजवाल्याला नोटीस, की इतक्या दिवसांत रील काढा आणि त्याच पेजवर खुलासा टाका. नाही ऐकलं तर इंदूरच्या दिवाणी कोर्टात मनाई हुकुमाचा दावा, पेज आणि कंपनी दोघांना पार्टी करून. हुकूम मिळाला की कंपनी काढते. लक्षात ठेवा, बदनामीच्या नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याला मुदत एकच वर्ष आहे, 'बघू पुढे' म्हणत बसलात तर हातातून जातं. आणि रक्कम फुगवू नका, पन्नास लाख लिहायला मजा येते पण कोर्ट फी त्या हिशोबाने लागते.

मनाई हुकूम आपोआप मिळत नाही हेही ऐकून ठेवा. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने बजावलं की बातमीवर खटल्याआधीच बंदी घालताना कोर्टांनी फार जपून वागावं. बरोबरच आहे. पण तुमच्याकडे रोजनामच्याची नोंद असेल, बाईंचं लेखी असेल आणि पूर्ण फुटेज असेल तर ही बातमीच खोटी आहे हे दोन कागदांत दिसतं. रोजनामच्याची प्रत आरटीआयने मागा, फी दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, आणि तपासच चालू नसेल तर 'तपासात अडथळा येईल' हे ठरलेलं उत्तर त्यांना देता येत नाही. त्या बाई सॉरी म्हणाल्या ना, मग त्यांना शोधा, तुम्ही स्वतः जा, मुलाला पाठवू नका, आणि चार ओळी लिहून घ्या. बायका बायकांचं ऐकतात. खरं तर हा एक कागद बाकी सगळ्यांपेक्षा भारी पडेल असं मला वाटतं.

कोणी तुम्हाला 'आयटी ॲक्ट ६६-ई लावू, प्रायव्हसी, तीन वर्षं' असं सांगून फी मागेल. ६६-ई हे माणसाच्या खाजगी अंगांची चित्रं काढण्याबद्दल आहे, बाजारातल्या व्हिडिओला लागत नाही. रस्त्यावर शूटिंग करणं हा मुळात गुन्हा नाही, ताई, इथे खोटेपणा त्या वरच्या ओळीत आहे, 'चोर' आणि 'रंगे हाथ' मध्ये. खाजगीपणा मूलभूत अधिकार आहे हे २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलंय आणि ते तुमच्या नोटिशीत यायलाच हवं, पण ते वाक्य म्हणजे आधार, हत्यार नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत, तो टप्प्याटप्प्याने लागू होतोय, तुमच्या आजच्या घाईला त्याचा उपयोग नाही.

मुलीची कमेंट. 'माझ्या भावावर कुठलीही केस नाही, मोबाईल मालकिणीच्याच पिशवीत सापडला, हा व्हिडिओ अर्धवट आहे', हे ती शंभर वेळा लिहू शकते, खरं आहे आणि हक्क आहे. 'पैसे घेऊन टाकतो' याचा तिच्याकडे पुरावा आहे का? नसेल तर तेवढं वाक्य आजच काढा, काढायच्या आधी स्क्रीनशॉट घेऊन. राग बरोबर, वाक्य चुकीचं. नाहीतर जो दावा आपण त्याच्यावर लावायचा तोच तो आपल्यावर लावेल आणि मांडवलीच्या टेबलावर दोघं सारखे होतील. त्याने किंवा कोणी 'अंदर करवा दूंगा, आयटी ॲक्ट' म्हणून ६६-ए चं नाव घेतलं तर ते कलम मेलंय, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सांगितलं की त्याखाली कोणावर खटला चालवायचा नाही. मात्र सणावाराला सोशल मीडियावरच्या भडकाऊ पोस्टसाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ चे (पूर्वीच्या १४४ चे) मनाई आदेश निघतात, त्या काळात तिने धर्म-जात असलं काही ओढून आणू नये, पेजवाल्याच्या आडनावावरून तर मुळीच नाही. तिच्या मैत्रिणींनाही सांगा, झुंड करून त्याच्या घरच्यांचे फोटो शोधू नका. त्याची आई पण कुठल्यातरी नगरात राहत असेल.

ग्रुपचं काय? फॉरवर्ड झालेलं परत येत नाही, हे मान्य करा. पण ॲडमिनला फोन करून मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायला सांगता येतं, ॲडमिनला ती सोय असते. 'तुमच्यावर केस करू' म्हणू नका, मुंबई हाय कोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच म्हटलंय की सदस्याने काही टाकलं म्हणून ॲडमिन आपोआप गुन्हेगार होत नाही, आणि तसंही ते काका उद्या गणपतीत भेटणारच आहेत. मिस्टरांनी, आणि हे मिस्टरांनीच करावं, प्रत्येक ग्रुपवर एकदाच, पाच ओळी: काय झालं, मोबाईल कुठे सापडला, केस नाही, आवेदन दिलंय त्याचा फोटो, कृपया व्हिडिओ पुढे पाठवू नये. मग वाद नाही, 'लाइक'ला उत्तर नाही. गप्प बसण्याचं त्यांचं मत इथपासून पुढे बरोबर आहे, याआधी नाही. चार दिवसांत लोक विसरतात हे जुन्या इंदूरात खरं होतं, आता लग्न जमवताना मुलाचं नाव आधी गूगलवर टाकतात.

तुम्ही लिहिलंत की असे व्हिडिओ तुम्हीही पुढे पाठवता. या शहरात पोलिस कोणाचा जुलूस काढतात, कान धरून 'अपराध करना पाप है' म्हणायला लावतात आणि आपण पोहे खाता खाता ते बघतो, त्यात कोण दोषी ठरलाय कोण नाही कोणाला ठाऊक. सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाला केंद्राला सांगावं लागलं की पोलिसांनी मीडियाला काय आणि किती सांगावं याची नियमावली करा, कारण खटला उभा राहण्याआधीच माणूस दोषी होऊन जातो. यावर तुम्हाला लेक्चर देत नाही. फक्त तुमच्या फोनमध्ये असे दुसऱ्यांचे व्हिडिओ पडले असतील तर पुढे पाठवू नका, कोणाची बदनामी करणारी खोटी गोष्ट पुढे पाठवणाराही कायद्याने सुटत नाही, आणि उद्या कोर्टात समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल.

शोरूमला मुलाने मेल करावा, व्हॉट्सॲप नको. 'आपण तोंडी घरी राहायला सांगितलंत, हा काळ रजा धरणार की काय ते कळवावं', सोबत आवेदनाची प्रत. पोलिसांचं चरित्र प्रमाणपत्र मागवता येतं, ऑनलाइन अर्ज होतो, ते आलं की जोडा, मालकांना स्वतःच्या समाधानासाठी कागद हवा असतो, तो द्या. ज्यांच्याशी लग्नाची बोलणी चालली होती त्या मुलीकडच्यांना मात्र कागद पाठवू नका हो. मोठं कोणीतरी घेऊन घरी जा, मुलाला बरोबर न्या, त्याला बोलू द्या. तरी नाही म्हणाले तर बरं झालं आधीच कळलं, असं मी म्हणेन, आई म्हणून तुम्हाला ते पटणार नाही.

वकिलाच्या पैशाची काळजी असेल तर: जिल्हा कोर्टात विधिक सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, बाईला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १५१०० वर फोनही करता येतो. मुलीला धमकी आलीय म्हणजे ती स्वतः अर्ज करू शकते, आणि मुलाचं प्रकरण त्याच वकिलाच्या नजरेखालून जाईल.

क्रम एकदा लिहून ठेवा: फोन तसाच ठेवणं, रील साठवणं, फुटेज, थान्यातलं आवेदन, त्या बाईंचं लेखी, मग कंपनी, मग नोटीस. आणि पेजवाल्याकडून खरंच वकिलाची नोटीस आली तर घाबरून परत पाठवू नका, घ्या, वाचा, उत्तराला किती दिवस दिलेत ते बघा, आणि पाकीट फेकू नका, आपल्याला ती कधी मिळाली हे दाखवायला त्यावरचा पोस्टाचा शिक्का कामी येतो.